तिसऱ्यांदा विचारल्यावर

आठवी ‘ब’मध्ये नकाराचा तास चालू होता आणि सगळा वर्ग एकेक करून तोडकरी सरांना नाही म्हणत होता.

“झैनब, तुझा एक फोटो पाठव गं. सिनेमात काम देतो.”

झैनबने उजव्या कानाची पाळी दोन बोटांत धरली, मान जराशी डावीकडे कलवली, फरशीकडे बघून अर्धं हसली आणि म्हणाली, “नको हो.”

“शार्दूल, चल, गाडीवर बस. तुझ्या मामानं तुला आणायला सांगितलंय.”

शार्दूल म्हणजे कबड्डीच्या संघाचा कप्तान. मिसरूड फुटलेलं, आवाज घोगरा, मांड्या खांबासारख्या. त्यानेही कानाची पाळी दोन बोटांत धरली, मान डावीकडे कलवली आणि फरशीकडे बघून अर्धं हसला. “नको हो.”

मागच्या बाकावरच्या दोघांना अजून काही विचारलंही नव्हतं, तरी त्यांची बोटं कानाकडे निघाली होती.

मल्लिनाथ तोडकरी खुर्चीत टेकला. हा नकार त्याच्या ओळखीचा होता. नुसता ओळखीचा नव्हे, तो त्याचा स्वतःचा होता. दहा-बारा वर्षांपूर्वी बी.एड. कॉलेजच्या गच्चीवर गिरिजा शेटेने तो खास त्याला दिला होता. आता शासन तो सगळ्यांना वाटत होतं.

विषयाचं पूर्ण नाव ‘आवश्यक आधुनिक कौशल्ये’. मुलं त्याला ‘आआकौ’ म्हणत, आणि म्हणताना तोंडाचा आकार जांभईसारखा होत असल्यामुळे तास सुरू व्हायच्या आधीच वर्ग पेंगुळलेला दिसे. अनोळखी माणसाला नकार देणं, खोटा व्हिडिओ ओळखणं, मोबाइल हातात नसताना रांगेत उभं राहणं, माफी मागणं, असलं सगळं त्यात होतं. पूर्वी हे फळ्यावर लिहून देत. मुलं परीक्षेत ‘नकाराचे फायदे’ बिनचूक लिहीत आणि त्याच संध्याकाळी कुणीही मागितला तरी पासवर्ड देऊन टाकत.

मग टोपडं आलं. सरकारी नाव ‘मुद्रण-शिरस्त्राण’ होतं, पण ते कानांवरून हनुवटीखाली बांधायचं असल्यामुळे पहिल्याच दिवशी त्याचं टोपडं झालं.

त्यामागचं शास्त्र तसं सोपं आहे. माणूस हात उचलतो त्याच्या अगदी किंचित आधी त्याच्या मेंदूत त्या हालचालीची तयारी सुरू होते. सायकलवर तोल सांभाळणारा विचार करून तोल सांभाळत नाही. तयारी पुढे धावते, विचार मागून धापा टाकत येतो. ही तयारी म्हणजे विजेच्या बारीक लहरींचा ठरलेला नमुना. एखादी गोष्ट ज्याला उत्तम येते त्याच्या डोक्यावरून हा नमुना टिपून घ्यायचा आणि वर्गातल्या टोपड्यांतून त्याच नमुन्याचे हलके चुंबकीय ठोके मुलांच्या डोक्याला द्यायचे. काही बैठकांत तयारी मुरते, लोणच्यासारखी. पाढे, सनावळ्या, शब्द हे असं उतरत नाही, त्यामुळे बाकीच्या शिक्षकांच्या नोकऱ्या वाचल्या. जे शरीराला येतं, तेवढंच उतरतं.

आणि उतरताना थोडा कचरा बरोबर येतो, तांदळाबरोबर खडे यावेत तसा. माहितीपुस्तिकेत त्याला ‘अवशेष’ म्हटलं होतं. रांगेचं कौशल्य ज्यांच्याकडून घेतलं त्या मिरजेच्या गृहस्थांना थोड्या थोड्या वेळाने खाकरायची सवय होती. आता शाळेत पाण्याच्या नळापाशी रांग लागली की दम्याचं शिबिर भरल्यासारखं वाटे. माफीचं कौशल्य एका अनुभवी पुढाऱ्याचं होतं. मुलं फार सुंदर माफी मागत आणि पुन्हा तेच करत.

नकार कुणाचा, हे गुप्त ठेवलं होतं. मल्लिनाथला ते कुणी सांगायची गरज पडली नाही.

बार्शीत तोडकऱ्यांचं घर एका गोष्टीसाठी प्रसिद्ध होतं. तिथे आग्रह करत नसत. मल्लिनाथच्या वडिलांचं म्हणणं असं, की मोठ्या माणसाला आपली भूक आपल्याला कळते. पाहुणा “नको, नको” म्हणाला की ते खिरीचं पातेलं उचलून आत घेऊन जात. आता, आपल्याकडे पहिलं नको हे नको नसतंच. ते घसा साफ केल्यासारखं असतं. दुसरं नको म्हणजे विचार चालू आहे. पानावर दोन्ही हात आडवे धरून जे तिसरं येतं ते खरं, आणि तेही बोटांच्या फटीतून भात पडेपर्यंतच. हे अख्ख्या गावाला कळायचं, तोडकऱ्यांना सोडून. त्यांच्याकडे कार्याला जाताना लोक घरून भाकरी खाऊन जात. मल्लिनाथच्या बहिणीच्या लग्नात व्याही उपाशी उठले आणि ती बिचारी सासरी वर्षभर ते ऐकत होती.

अशा घरात वाढलेला मुलगा. शेवटचा पेपर झाला त्या दुपारी गच्चीवर सतरंजी टाकून सगळे बसले होते. बाकीचे चहाला खाली गेले तेव्हा त्याने विचारलं, “गिरिजा, माझ्याशी लग्न करशील?”

गिरिजाने कानाची पाळी धरली. मान डावीकडे, नजर सतरंजीवर, अर्धं हसू. “नको रे.”

“बरं,” मल्लिनाथ म्हणाला आणि बूट घालायला लागला.

त्याच्या आयुष्यातलं ते सगळ्यात छोटं आणि सगळ्यात महाग भाषण. पुढे गिरिजा मोटार वाहन निरीक्षक झाली. लायसन्सच्या टेस्टमध्ये ती मंत्र्याच्या भाच्यालाही नापास करते, अशी तिची ख्याती त्याच्या कानावर येत राहिली. त्यालाही स्थळं आली. पण मुलीकडच्यांनी “कळवतो” म्हटल्यावर तोडकरी मंडळी पुन्हा फोन करत नसत.

आणि आता आठवी ‘ब’. वर्गात शिरलं की गिरिजाच गिरिजा. शार्दूलमध्ये ती होती, झैनबमध्ये होती, सारखं नाक गळणाऱ्या ओजसमध्येसुद्धा होती. मल्लिनाथ नकाराचे तास वाढवत गेला. आधी त्याने चित्रकलेचा तास घेतला, मग पी.टी.चा.

“तोडकरी,” मुख्याध्यापिका हिंगमिरे बाई एकदा म्हणाल्या, “पोरं फार नको म्हणायला लागलीत हो. काल मी मैदान झाडायला सांगितलं तर अख्खा वर्ग कान धरून लाजला.”

“मग झाडलं नाही?”

“झाडलं की. दोन-तीनदा सांगितल्यावर झाडलं.”

हे वाक्य मल्लिनाथने नीट ऐकायला हवं होतं. तो त्या वेळी खिडकीतून बाहेर बघत होता. बाहेर एक मुलगी आईस्क्रीमवाल्याला नको म्हणत होती.

वर्गात अक्षता घोंगडे नावाची एक चौकस मुलगी होती. प्रश्न विचारून विचारून तिने विज्ञानाच्या बाईंना रजेवर पाठवलं होतं. तिला मल्लिनाथने एकदा मधल्या सुट्टीत विचारलं, “अक्षता, नको म्हणताना तुला आतून काय वाटतं गं?”

“बरं वाटतं, सर.” तिने विचार केला. “आणि म्हटल्यावर थोडं थांबावंसं वाटतं.”

“कशासाठी?”

“काय माहीत. स्टँडवर बस यायच्या आधी वाटतं ना, तसं. आता येईल, आता येईल.”

मल्लिनाथ त्या दिवशी घरी चालत गेला. वाटेत त्याला ओळखीच्या माणसाने गाडीवर बसायला सांगितलं, तर तो नको म्हणाला. माणूस निघून गेला. तोडकऱ्यांना गावात कुणी आग्रह करत नसे.

बस यायच्या आधी वाटतं, तसं. म्हणजे गच्चीवर गिरिजाही थांबली होती? की हे मुलांचं आपलं काहीतरी? तिच्या नकारात कुठेतरी जागा होती का, एवढंच त्याला कळायला हवं होतं. कळून उपयोग काय, हे त्याने स्वतःला विचारलं नाही. विचारलं असतं तर एकदाच विचारलं असतं.

पुढच्या आठवड्यात अक्षता विहिरीत पडली. पडली म्हणजे तिने उडी मारली. घोंगड्यांच्या मळ्याशेजारच्या विहिरीत पाणी कमरेएवढं होतं आणि मामेभावांनी पैज लावली होती. पाणी कमी असल्यामुळे ती बुडाली नाही, आणि पाणी कमी असल्यामुळेच तिचं खांद्याचं हाड मोडलं.

मल्लिनाथ दवाखान्यात गेला तेव्हा तिचे वडील दाराशीच भेटले. “सर, नकाराचा विषय तुम्हीच शिकवता ना?”

“हो.”

“छान शिकवता.” एवढंच म्हणून ते चहा आणायला गेले. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं, असं मल्लिनाथला वाटलं.

अक्षता खाटेवर हात गळ्यात अडकवून बसली होती. “सर, मी नको म्हटलं होतं. आईशप्पथ. दोनदा म्हटलं.”

“मग?”

“तिसऱ्यांदा ते म्हणाले ‘चल की गं’, आणि मी नको म्हणायला तोंड उघडलं, तर पायच निघाले. मला उडी मारायची नव्हती, सर. पण पायांना असं वाटलं, की आता नाही मारली तर बरं दिसणार नाही.”

हिंगमिरे बाईंचं ते ‘दोन-तीनदा सांगितल्यावर झाडलं’ मल्लिनाथला आता ऐकू आलं.

दुसऱ्या दिवशी त्याने वर्गात डब्याचा प्रयोग केला. “शार्दूल, तुझा डबा मला दे.”

“नको हो, सर.” कान, मान, फरशी.

“दे रे.”

“नको, सर, कशाला.”

“दे की.”

शार्दूलने डबा आणून टेबलावर ठेवला. वर झाकण उघडून दिलं. “शेंगाची चटणी आहे, सर, जरा तिखट आहे.”

मग झैनब. मग ओजस. दोन नको आणि तिसऱ्याला डबा, दोन नको आणि तिसऱ्याला डबा. टेबल भरलं, खुर्ची भरली, खिडकीचा कट्टा भरला. कडक भाकऱ्या, पोळ्या, उसळी, कुणाचा शिरा. एकाने डबा आणला नव्हता, तर तो शेजारच्याचा अर्धा घेऊन आला. मल्लिनाथ त्या सगळ्या अन्नाच्या मधोमध उभा राहिला आणि त्याला आपल्या वडिलांची फार आठवण आली. राज्यभरातल्या शाळांत मुलांना नकार शिकवला जात होता, आणि तो पंगतीतला नकार होता.

हे नमुने टिपणाऱ्या केंद्राला कळवायला हवं होतं, आणि आजच. कळवलं की नमुना रद्द होणार, नवा येणार आणि गिरिजा वर्गातून जाणार. त्याने डबे परत वाटले. मुलं जेवायला बसायच्या आत तो फळ्यासमोर उभा राहिला, घसा खाकरला आणि म्हणाला, “मी जाऊ का मग?”

सगळ्या वर्गाने कानाची पाळी धरली. सगळ्या माना डावीकडे कलल्या. सगळा वर्ग फरशीकडे बघून अर्धं हसला आणि म्हणाला, “नको हो.”

त्याने दुसऱ्यांदा विचारलं नाही. ऑफिसात जाऊन फोन लावला.

कौशल्य मुद्रण केंद्र सोलापुरात, एका जुन्या सूतगिरणीच्या आवारात होतं. तिथल्या प्रमुख डॉ. मुजावर चष्मा डोक्यावर ठेवून चष्मा शोधणाऱ्या बाई होत्या. त्यांनी मूळ मुद्रण मोठ्या पडद्यावर लावलं. पडद्यावर गिरिजा टोपडं घालून बसलेली. समोर केंद्राचा तंत्रज्ञ गुरव, हातात ताटली.

“मॅडम, शेंगापोळी घ्या.” “नको हो.” “घ्या की.” “नको, आत्ताच जेवलेय.” “अर्धी तरी.” गिरिजाने पोळी घेतली, खाल्ली आणि म्हणाली, “छान झालीय.” गुरवने अंगठा वर केला. मुद्रण संपलं.

“हे तुम्ही नकाराचं म्हणून पाठवलंत?” मल्लिनाथने विचारलं.

“दोनदा नको म्हणाल्या ना?” गुरवला खरंच कळत नव्हतं. “तिसऱ्यांदा घेतली. यात चुकलं काय?”

ते मुद्रण पुढे चार टेबलांवरून गेलं होतं. त्या चारही टेबलांवर सोलापूरचीच माणसं होती. यात काही चुकलंय असं वाटणारा माणूस त्या इमारतीत नव्हता. सबंध जिल्ह्यात तोडकऱ्यांचंच एक घर होतं, आणि त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

डॉ. मुजावरांनी आलेखावर बोट ठेवलं. “ही वरची रेघ नकाराची. आणि ही खालची बघा, हळूहळू चढतेय. लाल सिग्नलला थांबलेल्या गाडीवाल्याच्या डोक्यात हीच लहर असते. काहीतरी येणार आहे, तयार राहा. आम्ही हिला अपेक्षेची लहर म्हणतो. खऱ्या नकारात ती नसते. तिथे नाही म्हटलं की विषय मिटतो, रेघ सपाट.”

“बस यायच्या आधी वाटतं, तसं,” मल्लिनाथ म्हणाला.

“वा! कुणाचं वाक्य?”

“एका विद्यार्थिनीचं. तिचा खांदा मोडलाय.”

डॉक्टरांनी चष्मा शोधायचं थांबवलं.

तेवढ्यात केंद्राने बोलावून घेतलेली गिरिजा खाकी गणवेशात दार उघडून आत आली. केस आखूड केले होते, बाकी तीच. “कुणाची तक्रार आहे माझ्या नकाराबद्दल?” तिने विचारलं. मग तिला तो दिसला. “मल्लू? तू?”

“चांगला आहे नकार,” मल्लिनाथ म्हणाला. “फक्त टिकत नाही.”

तिने सगळं ऐकून घेतलं. अक्षताचं ऐकताना तिचा चेहरा उतरला. “पुन्हा करू,” ती म्हणाली. “आत्ताच. मी रोज शंभरांना नाही म्हणते, त्यात काय.”

पण जमेना. गुरव म्हणाला, “मॅडम, माझ्या पुतण्याला टेस्ट न घेता लायसन्स द्या.” ती “नाही” म्हणाली आणि हसली. त्याने आवाज चढवून बघितला, रडून बघितलं, एकदा पायाही पडला. रेघ नुसती थरथरत राहिली.

“नाटक कळतं यंत्राला,” डॉ. मुजावर म्हणाल्या. “ज्याला यांच्याकडून खरोखर काही हवंय, असा माणूस लागेल. आणि यांना ते खरोखर द्यायचं नाही, असं.”

गिरिजाने मल्लिनाथकडे बघितलं.

“याला विचारू दे,” ती म्हणाली.

“काय विचारायचं?” गुरव.

“त्याला माहितीय.” मग हळू आवाजात, “चालेल तुला?”

“तुला?”

“मी म्हणतेय म्हणजे चालेल.”

मल्लिनाथ तिच्यासमोरच्या खुर्चीत बसला. गुरवने ताटली बाजूला नेली. मल्लिनाथने तळहात पँटला पुसले. “गिरिजा, माझ्याशी लग्न करशील?”

तिचा हात आपोआप कानाकडे गेला. मान डावीकडे, नजर फरशीवर, अर्धं हसू. “नको रे.”

पडद्यावर खालची रेघ चढायला लागली. हळूहळू, स्वच्छ, हिरव्या रंगात. गच्चीवर त्याला जे दिसलं नव्हतं ते समोर भिंतीवर हातभर मोठं दिसत होतं. गिरिजा थांबली होती. तेव्हाही अशीच थांबली असणार.

“हा जुनाच नमुना झाला,” डॉ. मुजावर यंत्राकडे बघत म्हणाल्या. “पुन्हा विचारा, सर.”

तोडकऱ्यांच्या घराण्यात आजवर कुणी स्वतःसाठी कुणाला दुसऱ्यांदा विचारलं नव्हतं. मल्लिनाथ खुर्चीत पुढे सरकला. “विचार करून सांग,” तो म्हणाला. “घाई नाही. करशील?”

गिरिजाने कान सोडला. “नको, मल्लू.”

रेघ थोडीशी उचलली गेली आणि रेंगाळली. फार नाही, पण होती.

“जवळ आलोय,” डॉ. मुजावर म्हणाल्या. “आणखी एकदा.”

मल्लिनाथ त्या उरलेल्या चढाकडे बघत राहिला. तिसऱ्यांदा नाही विचारलं, तर तो तसाच राहील. तो घरी नेता येईल. रोज संध्याकाळी त्याच्याशेजारी बसता येईल. तिच्यात अजून एवढी जागा आहे, असं म्हणत म्हातारं होता येईल. आणि मुलं दोनदा नको म्हणून विहिरीत उड्या मारत राहतील.

“गिरिजा,” तो म्हणाला, आणि या वेळी त्याने गुरवकडे बघितलं नाही, डॉक्टरांकडे नाही, पडद्याकडेही नाही. “मला अजून तूच हवी आहेस. इतकी वर्षं झाली तरी. लग्न करशील माझ्याशी?”

गिरिजाने दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले. सरळ त्याच्या डोळ्यांत बघितलं. तिच्या नजरेत राग नव्हता, दया नव्हती, घाई नव्हती.

“नाही,” ती म्हणाली.

रेघ सपाट झाली. कपडे वाळत घालायला ताणून बांधलेल्या दोरीसारखी, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

“बेस्ट सँपल!” गुरव ओरडला आणि त्याने टाळ्याही वाजवल्या. मग त्याला खोलीतल्या कुणीतरी काहीतरी गमावलंय असा वास आला आणि तो वायर गुंडाळायला लागला.

बाहेर व्हरांड्यात दोघं उभे राहिले. आवारात कुणीतरी जुन्या यंत्रमागावर मोगऱ्याचा वेल चढवला होता.

“त्या दिवशी जिना उतरताना मी मुद्दाम हळू उतरत होते,” गिरिजा म्हणाली.

“मला वाटलं तुझी चप्पल तुटली.”

“हो ना. चांभाराकडे जाऊ या का, असं विचारलंस.” ती हसली. “ते मात्र दोनदा विचारलंस.”

मल्लिनाथही हसला. हसायला त्याला थोडा वेळ लागला.

“चूक तुझी नव्हती रे,” ती म्हणाली. “नको म्हटल्यावर तू ऐकलंस, ते बरोबरच होतं. मला हो म्हणायचं होतं तर मी हो म्हणायला पाहिजे होतं. कानाला हात लावून बस यायची वाट कसली बघायची? पण तेव्हा कुणी शिकवलंच नव्हतं, आणि नंतर लोकांना नापास करता करता मी शिकले.”

“आणि आता?”

“आता माझं बरं चाललंय, मल्लू. सकाळी घरात कुणी बोललेलं मला चालत नाही. पडदे माझ्या आवडीचे आहेत. तुझ्याबद्दल वाईट काही नाही मनात. पण जागाही नाही.” तिने घड्याळ बघितलं. “जाते. दोन टेस्ट आहेत. दोघंही नापास होणारेत.”

ती पायऱ्या उतरून गेली. या खेपेला भराभर उतरली.

नवा नमुना महिन्याभरात शाळांत पोहोचला. सूचनांमध्ये बदल झाला होता: सरावात प्रत्येक प्रश्न तीनदा विचारावा. मल्लिनाथने टोपडी बांधली, बैठका घेतल्या आणि सराव सुरू केला. झैनबला फोटो मागितला, ओजसला पासवर्ड मागितला. मुलांनी कानाला हात लावला नाही. त्यांनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले, सरळ त्याच्या डोळ्यांत बघितलं आणि नाही म्हटलं. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा तेच. त्यांच्या नजरेत राग नव्हता, घाई नव्हती.

पुस्तिकेत नमुना कुणाचा हे गुप्त ठेवलं होतं. त्यामुळे राज्यातल्या गावोगावच्या मुलांनी फोनवरच्या भामट्याला, गाडीवरच्या अनोळखी काकाला, विहिरीच्या काठावरच्या मामेभावांना नाही म्हणताना त्यांची शरीरं खरं म्हणजे मल्लिनाथ तोडकरी नावाच्या बार्शीच्या एका शिक्षकाला नाही म्हणत होती, हे कुणाला कळलं नाही. नकार फार चांगला चालला. शासनाने अभिनंदनाचं परिपत्रक काढलं.

अक्षता हात गळ्यात अडकवून वर्गात परत आली होती. तिला तीनदा विचारून झाल्यावर ती उभी राहिली.

“सर, एक शंका आहे.”

“विचार.”

“आम्ही नाही म्हणायचं ते कळलं. पण समोरचा माणूस दोनदा ‘नाही’ ऐकल्यावर तिसऱ्यांदा विचारतोच कशाला? त्याला कळत नाही का?”

“कळतं.”

“मग?”

“तुझ्या खांद्यासाठी विचारतो,” तोडकरी सर म्हणाले.

वर्ग हसला. सरांचे विनोद कुणाला कळत नसत, पण हसायची पद्धत होती. अक्षता हसली नाही. ती सरांकडे बघत हळूहळू खाली बसली. सर पुढच्या बाकापाशी गेले आणि तिथल्या मुलाला म्हणाले, “येतोस का माझ्याबरोबर?”

मुलाने हात गुडघ्यांवर ठेवले, सरळ त्यांच्या डोळ्यांत बघितलं. “नाही.”

“शाब्बास,” सर म्हणाले, आणि त्यांनी त्याला पुन्हा विचारलं.